इलाही मिस्त्रीचा ओंडका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटात डांबर पडलं नव्हतं, एसटीने उंबरखोऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं, तेव्हाची. त्या खोऱ्यात इलाही नावाचा मिस्त्री राहत होता. पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, शिवणयंत्र, शाळेचं घड्याळ, जे बंद पडेल ते त्याच्याकडे यायचं आणि सुरू होऊनच परत जायचं. वैद्याने छातीला कान लावावा तसा तो यंत्राला कान लावायचा आणि यंत्र त्याला आपलं दुखणं सांगायचं, असं म्हणतात.

खोऱ्याला दुःख एकच होतं, घोरपड घाटाचं. दवाखाना वर, बाजार वर, कचेरी वर आणि माणसं तेवढी खाली. खोऱ्यात मोटारही एकच होती, हिरव्या रंगाची, पेट्रोलवर चालणारी. शहरात राहायला जाताना इनामदारांनी ती इलाहीच्या थकलेल्या मजुरीपोटी त्याच्या दारात सोडली होती. सपाटीला ती नव्या नवरीसारखी चालायची, पण चढ लागला की तिचा जीव जायचा. घाटाच्या मध्यावर एक वळण आहे, तिथे ती हटकून बसायची. मग आतली माणसं उतरून ढकलायची, आणि मोटारीआधी त्यांनाच धाप लागायची. म्हणून त्याला धापेचं वळण म्हणतात.

त्याच वळणावर इलाहीची बायको जैनब गेली. बाळंतपणात अडली होती, मागच्या सीटवर निजवली होती, आणि मोटार चालवत होता इलाही. मोटार बसली. माणसं गोळा होऊन ढकलेपर्यंत बाईही गेली आणि पोटातलं लेकरूही. इलाही तेव्हा रडला नाही. बॉनेट उघडून तो इंजिनाकडे बघत उभा राहिला, आणि त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेनासं झालं. जेवताना चढ, झोपताना चढ. डोंगराकडे पाहिलं की त्याला वर जाणारा रस्ता दिसायचा. तोच रस्ता खालीही येतो, हे त्याला दिसेनासं झालं होतं, असं म्हणतात.

आता मोठं इंजिन हवं होतं. नवं घ्यायची ऐपत ना त्याची होती, ना सगळ्या खोऱ्याची मिळून. पण घाटाखालच्या ओढ्यात एक ट्रक पडलेला होता. घाट उतरताना गेला होता. ड्रायव्हर उडी टाकून वाचला, आणि मालकाने ट्रकावर पाणी सोडलं. टायर, फळ्या, पत्रा लोकांनी केव्हाच घरोघरी नेला होता. त्याच्या ताडपत्रीखाली तर खोऱ्यातलं एक लग्नही लागलं. इंजिन तेवढं राहिलं होतं, कारण ते कुणाला उचलत नव्हतं. इलाही ओढ्यात उतरला, इंजिनाला कान लावला, आणि वर येऊन म्हणाला, "जित्तं हाय."

तो ट्रक कसा गेला होता, हे त्या वेळी कुणाच्या मनातही आलं नाही.

इंजिन बाहेर काढायला भागोजी गाडीवानाने बैल जुंपले. भागोजीचा सगळा जन्म घाटात मिठाच्या गाड्या हाकण्यात गेला होता. त्याने इंजिन इलाहीच्या अंगणात आणून टाकलं, आणि मग खोऱ्याने असा उद्योग पाहिला की पुढे कितीतरी वर्षं लोकांना दुसरा विषय नव्हता. इंजिन जागेपेक्षा लांब होतं, म्हणून इलाहीने मोटारीचा मधला पत्रा कापला. उंच होतं, म्हणून बॉनेटला भोक पाडलं. ते बसवायला नांगराच्या लोखंडाच्या बैठका केल्या, खाली जुन्या टायरचे तुकडे घातले. जुना गिअरबॉक्स त्याला जोडायची तबकडी गुळाच्या फुटक्या काहिलीच्या बुडातून कापली. पितळेचे बूश हवेत म्हटल्यावर बायकांनी फुटके तांबे, चेपलेल्या समया आणून दिल्या. इंजिनाच्या वजनाने मोटारीचं नाक जमिनीला टेकायला लागलं, तेव्हा कुणीतरी घरी नेलेले त्याच ट्रकाचे स्प्रिंगचे पाटे पुढे चढवले. ज्याच्या घरात जे मोडकं होतं ते त्या मोटारीत गेलं. पै-पैशाचं काम, पण पैसा कमी आणि अंगमेहनत जास्त. ब्रेक तेवढे जुनेच राहिले, कारण ब्रेकची तक्रार घेऊन कधी कुणी आलंच नव्हतं.

भागोजी रोज येऊन बसायचा, तंबाखू मळायचा, बघायचा. शेवटी एक दिवस बोलला.

"मिस्त्री, चढंल ह्यात वाद न्हाई. उतरंल कशी?"

"उतरायला काय लागतंय, तात्या? दगूडबी उतरतो."

"व्हय. पर दगूड थांबत न्हाई."

भागोजी घाट उतरताना गाडीमागे एक जाडजूड ओंडका दोराने बांधायचा. तो फरफटत यायचा आणि गाडीला बैलांच्या अंगावर जाऊ द्यायचा नाही. त्याचं म्हणणं, मोटारीलाही तसाच एक बांधावा. इलाही पोट धरधरून हसला. "तात्या, ही मोटार हाय, मिठाचा छकडा न्हवं." सगळं अंगण हसलं. भागोजीही हसला, पण ओंडका त्याने फोडला नाही, कुडाला टेकवून ठेवला.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा डोंगरावरची वानरं गप्प झाली, कौलं हलली आणि चुलीवरचं दूध आपोआप घुसळून लोणी वर आलं, असं म्हणतात. लोण्याचं काही सांगता येत नाही, पण मोटार चढली हे खरं. आत माणसं, टपावर माणसं, दाराला लोंबकळणारी माणसं, आणि शिवाय एक शेळी. धापेच्या वळणाला ती थांबली नाही, खोकली नाही, तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. वर खिंडीत पोचल्यावर लोकांनी गुलाल उधळला. इलाही मात्र मोटारीतून उतरला नाही. स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो तिथे पहिल्यांदा रडला.

त्यानंतर खोऱ्यात अडलेली बाई अडून राहिली नाही. सापाने चावलेला वाचला, तापाने फणफणलेली पोरं वाचली. डिझेल वर्गणीचं, म्हणून इलाही ते जिवापाड जपायचा. उतार लागला की मोटार न्यूट्रलला टाकायचा आणि तशीच सोडायचा. इनामदारांच्या वेळेपासून मोटार तशीच उतरायची, फुकटात. पण तेव्हा तिचं नाक हलकं होतं. आता पुढे ट्रकाचं इंजिन होतं, आणि प्रत्येक खेपेला ते मोटारीला थोडं जास्त ढकलत होतं. ब्रेक ते मुकाट्याने सोसत होते. सगळ्यांच्या दुखण्याला कान लावणाऱ्या इलाहीने त्यांना मात्र कधी कान लावला नाही.

एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला भागोजीची लेक यमुना अडली. इलाहीने तिला वर नेलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. चार दिवसांनी तो तिला आणायला गेला. सकाळचं लख्ख ऊन होतं. मागच्या सीटवर यमुना, तिच्या मांडीवर तान्ही पोर आणि शेजारी भागोजी. खिंडीत आल्यावर भागोजी म्हणाला, "इलाही, आज लेकरू हाय गाडीत. एक लाकूड बांधू या मागं." इलाही म्हणाला, "तात्या, तुमी डोळं मिटून बसा." आणि त्याने मोटार न्यूट्रलला टाकली.

धापेच्या वळणाच्या वर जळकट वास आला. इलाहीने ब्रेक दाबला, तो नुसताच खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा खाली. गिअर टाकायला गेला तर दाते करकरले आणि गिअर पडेना. डावीकडे दरी होती, उजवीकडे डोंगराचा कातळ. समोर वळण, जिथे जैनब गेली तेच. इलाहीला त्या क्षणी वर जाणारा रस्ता दिसला नाही, खाली जाणारा दिसला, असं म्हणतात.

तो ओरडला, "दरीकडं सरका!"

दरीकडे कोण सरकतं? यमुना जागची हलेना. भागोजीने लेकीला नातीसकट ओढलं आणि दरीच्या बाजूला धरून बसला. मग इलाहीने मोटार उजवीकडे वळवली. त्याची स्वतःची बाजू त्याने कातळाला लावली आणि तशीच घासत नेली. पत्रा फाटला, दार गेलं, ठिणग्या उडाल्या. इंजिनाचं वजन खाली ओढत होतं आणि डोंगर त्याला धरून ठेवत होता. वळणाच्या टोकाला, पुढचं डावं चाक दरीवर अधांतरी फिरत असताना, मोटार थांबली. पोर तेवढ्यात जागी झाली आणि रडायला लागली. इलाहीने तिचं रडणं ऐकलं, तेव्हा कुठे त्याने उजव्या बाजूला पाहिलं. खांद्यापासून हात डोंगराने घेतला होता.

तिथे कातळावर अजून एक लांब हिरवी रेघ आहे. पावसाने ती धुऊन जात नाही, उलट जास्तच हिरवी दिसते. शहाणी माणसं म्हणतात, शेवाळ असेल. असेलही.

इलाही वाचला. मोटार त्याने पुन्हा हातात घेतली नाही. चालता यायला लागल्यावर तो सगळ्यात आधी भागोजीच्या अंगणात गेला आणि म्हणाला, "तात्या, तुमचं खरं हुतं. ओंडका द्या." भागोजी तसाच उठला. त्याने बैल जुंपले आणि दोघांनी तो ओंडका वर खिंडीत नेऊन जांभळीखाली ठेवला, उतार सुरू होण्याच्या अलीकडे, सपाटीवर. नातीचं नाव भागोजीने जैना ठेवलं. भावकीत थोडी कुजबुज झाली, पण भागोजीसमोर कुणी तोंड उघडलं नाही.

मग इलाही रोज त्या ओंडक्यावर जाऊन बसायला लागला. खाली जाणारी गाडी दिसली की डावा हात आडवा करायचा. "थांबून दाखव. खाली उतर. ओंडक्याला हात लाव. मग जा." ड्रायव्हर शिव्या द्यायचे, वेडा म्हणायचे, पण थांबायचे. एकदा सिमेंटने भरलेला एक ट्रक आला. ड्रायव्हरने हसत हसत ब्रेक दाबला, ट्रक थांबेना. सपाटीच होती, म्हणून तो बाजूच्या नाचणीच्या शेतात शिरून उभा राहिला. तीच गोष्ट आणखी शंभर पावलांवर झाली असती तर खोऱ्याला आणखी एक इंजिन मिळालं असतं. ड्रायव्हर मागे चालत आला आणि इलाहीच्या पायांवर पडला. त्यानंतर त्याला वेडा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

इलाही मिस्त्री जाऊन आता खूप वर्षं झाली. घाटात डांबर आलं, एसटी आली, लोखंडी कठडे आले. ओंडका कुजला की भागोजीच्या घरातलं थोरलं माणूस नवा आणून ठेवतं. दाट धुक्यात एखादा ड्रायव्हर न थांबता निघालाच, तर रस्त्याच्या मध्यावर थांबा म्हणून वर केलेला नुसता एक हात दिसतो, असं म्हणतात. तो हात उजवा असतो.

म्हणून उंबरखोऱ्यात उतरणारी प्रत्येक गाडी आजही खिंडीत पुरती थांबते. ड्रायव्हर खाली येतो, ओंडक्याला हात लावतो, आणि पहिल्या गिअरमध्ये उतार धरतो. एखादा नवखा कुरकुरतो, गाडी नवी आहे, इंजिन दणकट आहे, कशाला उगाच थांबायचं. तेव्हा शेजारी बसलेला खोऱ्यातला माणूस वाद घालत नाही. दार उघडून खाली उतरता उतरता तो एवढंच म्हणतो, "इंजिन मिस्त्रीचंबी दणकटच हुतं."