लवू पाडेलीचा हिरवा करदोडा

ही गोष्ट दिवेलागणीच्या आत सांगून संपवायची असते, म्हणून जरा जवळ सरकून बसा आणि मध्येच कुणी पाणी प्यायला उठू नका.

खाडीकाठच्या एका वाडीत सुरंगी नावाची इवलीशी मुलगी राहायची. तिचे बाबा, लवू, पाडेली होते. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा माणूस. पायात दोरीचा वेढा, कमरेला कोयता, आणि बघता बघता लवू शेंड्यावर. पण एका चैत्रात त्याचा पाय निसटला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळेपर्यंत लवू खाटेवर पडून राहिला. वाडीतली माणसं मायाळू, भेटायला येणारा रिकाम्या हाताने येईना. कुणी घावणे आणले, कुणी खाजा, कुणी तुपातले लाडू. सुरंगीची आई म्हणायची, दुखणेकरी माणूस आहे, खाऊ दे. लवू खाटेवरून उठला तेव्हा त्याचा सदरा त्याला होईना.

आता पोट असणं काही वाईट नाही. वाडीतल्या सगळ्यात हसऱ्या माणसाचं पोट सगळ्यात मोठं होतं. पण लवूला चार पावलांत धाप लागायची, गुडघे कुरकुरायचे आणि माडावर पुरुषभर उंचीसुद्धा चढवायची नाही. नारळ पाडायला त्याला कुणी बोलावेना. आई दिवसभर सुंभ वळायची आणि चुलीवर पातळ पेज शिजायची. सुरंगीला पेजेचं काही वाटत नव्हतं. पण बाबा माडांखालून जाताना मान खाली घालून जायचे, ते तिला बघवायचं नाही.

लवूने उपास सुरू केले. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, शनिवारी तर असायचाच. आणि उपास म्हटला की साबुदाण्याचे वडे आले, बटाट्याचे पापड आले, शेंगदाण्याचे लाडू आले. देव प्रसन्न झाले की नाही ठाऊक नाही, पोट मात्र प्रसन्न झालं. मग त्याने दिवसभर काहीच खायचं नाही असं ठरवलं, आणि रात्री पातेलं खरवडून मोकळं केलं. पुढे तो काहीच ठरवेनासा झाला.

वाडीच्या टोकाला, केवड्याच्या बनापलीकडे, एक जुनी माडांची बाग होती. तिथे कुणी जात नसे. वारा पडलेला असला तरी त्या बागेत झावळ्या हलायच्या. एका संध्याकाळी सरपणाला झावळ्या वेचता वेचता सुरंगी नकळत तिथे पोचली. आकाश केशरी झालं होतं, केवड्याचा वास घमघमत होता, आणि गवतावर चिमुकले हिरवे ठिपके लुकलुकत होते. बागेत एकही पाखरू बोलत नव्हतं.

सगळ्यात उंच माडाच्या शेंड्यापाशी काहीतरी पांढरं तरंगत होतं. सुरंगीला वाटलं, बगळे असतील. मग तिने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. ती माणसं होती. कागदासारखी पातळ, कमरेला सुंभ बांधलेली, आणि सुंभाचं दुसरं टोक शेंड्याला. पिवळ्या साडीतली, मुंडावळ्या बांधलेली एक नवरी होती. दशावतारी नाटकातला एक राजा होता, डोक्यावर मुकुट तसाच. सगळी हळूहळू डुलत होती, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकसारखं हसू होतं.

नवरीने खाली पाहिलं. वाळलेली पानं घासावीत तशा आवाजात तिने विचारलं, "पेज आसा काय गो?"

पळून जावं असं सुरंगीला फार वाटलं. पण भुकेल्या माणसाला सोडून पळायची तिच्या घरची रीत नव्हती. तिने ओच्यातला भाकरीचा तुकडा काढला आणि उंच केला. तो काही तिथवर पोचेना. "माझो बापूस पाडेली आसा," ती म्हणाली. "तो बरो झालो की तुमका खाली घेऊन येतलो."

तेवढ्यात माडाच्या फुलोऱ्यातून एक परी उतरली. केवढीशी होती ती! सुपारीएवढं डोकं, शिंपल्याच्या आतल्या रंगाचे पंख, पायात दवाचे पैंजण आणि झगा असा की हिरवा म्हणावा तर सोनेरी दिसे. सुंदर होती खरी, पण तिची पापणी लवत नव्हती आणि गवतावर तिची सावली पडत नव्हती.

"जो जे मागेल ते मी देते," परी गोड आवाजात म्हणाली. "ह्या सगळ्यांनी हलकं व्हायचं मागितलं, चुटकीसरशी. मी दिलं. पण मला निवडून उचलता येत नाही गं. हाताला येईल ते उचलते. चरबीबरोबर ह्यांची भूक आली, झोप आली, गाणं आलं, जमिनीवरचा भारही आला. पेजेची आठवण तेवढी मागे राहिली. मी सुंभाने बांधली नसती तर केव्हाच समुद्रावर उडून गेली असती."

सुरंगीने जरा विचार केला. मग तिने विचारलं की बाबांना हलकं व्हायचं आहे, पण चुटकीसरशी नको असेल तर काय.

परीचे पंख एकदम थांबले. असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिने झावळीतून एक हिरवागार झगमगता दोरा ओढून काढला, कमरेला बांधतात तसला करदोडा. तो लवूच्या कमरेला बांधायचा, ती म्हणाली. मग तिने हळू आवाजात नियम सांगितले. दोरा रोज बघायचा नाही, फक्त पौर्णिमेला बघायचा. सैल झाला असेल तर एक गाठ मारायची, आणि तो कशामुळे सैल झाला ते गाठीला सांगायचं. ओढून घट्ट करायचा नाही. आणि सुरंगीने स्वतःच्या पानातला एक घासही कमी करायचा नाही, कारण वाढत्या मुलीचा घास चोरलेला दोऱ्याला चालत नाही.

"काय केलं की सैल होईल?" सुरंगीने विचारलं.

"ते तुम्हीच शोधा. मला नुसतं उचलता येतं," परी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा उदास वाटला.

सुरंगीने घरी सगळं सांगितलं. लवू आधी हसला, पण लेकीने बांधलेला दोरा सोडायचा कसा, म्हणून तो राहिला. त्या महिन्यात सुरंगी आणि आई दोघींनी नुसतं लक्ष ठेवलं. आईच्या ध्यानात आलं की घरात सगळ्यात जास्त तळण उपासाच्या दिवशी होतं. मग उपास बंद झाले. तिन्ही वेळेला लवू पोटभर, पण साधं जेवायला लागला. पेज, मासळी, भाजी. पौर्णिमेला दोरा बोटभर सैल झाला आणि सुरंगीने पहिली गाठ मारली. पुढच्या महिन्यात बापलेक सकाळी खाडीपर्यंत चालायला लागले. पहिल्या दिवशी लवू केवड्याच्या बनापाशीच बसला आणि आपण बसलो म्हणून स्वतःवरच चिडला. सुरंगी त्याच्याशेजारी बसून शिंपले मोजत राहिली. दुसऱ्या दिवशी तो जरा पुढे जाऊन बसला. त्या पौर्णिमेला दुसरी गाठ बसली.

कधी चुकायचंही. कुणाच्या तरी बारशाला लवूने चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि आता सगळं मुसळ केरात असं म्हणून पाचवीला हात घातला. आई म्हणाली, चार खाल्ल्या त्या खाल्ल्या, उद्याची सकाळ काही कुणी खाल्लेली नाही. लवूने हात मागे घेतला.

तिसरी पौर्णिमा आली. दोरा जिथल्या तिथे होता, तसूभरही सैल नाही. लवूने तो दोनदा चाचपला. सुरंगी तुळशीपाशी पणती लावत होती तेव्हा तो मागच्या दाराने बाहेर पडला.

पणती लावून ती वळली तर खाट रिकामी. आणि लांबून, वाळल्या पानांसारखे, पुष्कळसे आवाज एकदम येत होते. "लवू... हलको हो... लवू..." सुरंगी तशीच अनवाणी धावत सुटली.

बागेत लवू उंच माडाखाली उभा होता. वरची सगळी पांढरी माणसं त्याच्याकडे तोंड करून डुलत होती. परी त्याच्या नाकासमोर न लवणाऱ्या पापण्यांनी तरंगत होती. "माका हलको..." लवू म्हणाला, आणि पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आतच त्याच्या टाचा गवतावरून उचलल्या गेल्या. तो हातभर वर गेला. त्याच्या तोंडावर ते एकसारखं हसू पसरायला लागलं होतं.

सुरंगीने उडी मारून करदोड्याचं टोक पकडलं. बाबा गेले तर ती रोज सकाळी कुणाशेजारी बसणार होती? तिला रडू फुटत होतं, पण तिने आवाज हळू ठेवला.

"बाबा, ही गाठ कसली, ता सांग."

लवू झोपेतून बोलावं तसं म्हणाला, "ती... उपासाची. उपासाच्या नावान तळलेला खाय होतंय. ता सोडलंय." तो वीतभर खाली आला.

"आणि ही?"

"ती चलायची. तुझ्यावांगडा जातंय ना, खाडीपर्यंत."

"आणि काल बावीवरसून पाणी कोणी आणल्यान? मधी खंय बसलंस?"

लवूच्या तोंडावरचं ते हसू विरून गेलं आणि त्याने खरोखरीच आठवून पाहिलं. दोन्ही हातांत कळशा होत्या आणि विहिरीपासून घाटीची चढण चढायची होती. "नाय गो," तो नवलाने म्हणाला. "मी बसूकच नाय."

"मगे तेची गाठ खंय आसा? दोरो फकत पोट मोजता, बाबा."

लवूचे पाय जमिनीला टेकले. त्याने परीकडे पाहिलं आणि तो सावकाश म्हणाला की त्याला काही नको. परीने मान डोलावली आणि ती फुलोऱ्यात परतली, पण तिचा उजेड जरा वाढल्यासारखा सुरंगीला वाटला. घरी जाताना लवूने पहिल्यांदाच मान वर करून माडांकडे पाहिलं.

मग पौर्णिमा येत राहिल्या. कधी दोरा सैल झाला, कधी नाही, आणि नाही झाला तर बापलेक आठवून बघायची की ह्या महिन्यात आणखी काय जमलं. एकदा नुसती शांत झोप जमली होती. एकदा लवू घराच्या छपरावर चढला होता. एकदा तो घरामागच्या बुटक्या माडावर अर्ध्यापर्यंत गेला आणि अर्ध्यावरून ओरडून त्याने आईला बाहेर बोलावलं. आई सुंभ टाकून आली आणि डोळे पुसत उभी राहिली. पोट अजून होतंच, पण ते आता बरोबर वर चढत होतं.

अखेर एका संध्याकाळी लवूने पायात दोरीचा वेढा घातला आणि तो सुरंगीचा हात धरून जुन्या बागेत गेला. आकाश पुन्हा केशरी होतं आणि हिरवे ठिपके लुकलुकत होते. तो उंच माडावर चढायला लागला. मध्ये दोनदा थांबला, श्वास घेतला, पुन्हा चढला. सुरंगीने खालून एकदाही घाई केली नाही. शेंड्यापाशी त्याने एकेक सुंभ सोडवला आणि सगळ्यांची टोकं मनगटाला बांधून घेतली. मग तो उतरायला लागला, जत्रेतल्या फुगेवाल्यासारखा, मागे नवरी आणि राजा आणि बाकीचे तरंगताहेत.

परी समोर आली. तिने सुरंगीला सांगितलं की तुम्ही सगळं स्वतःच केलंत, तेव्हा तुझं मागणं अजून शिल्लकच आहे.

सुरंगीने बाबांकडे पाहिलं. ते घामाघूम झाले होते, धापा टाकत होते आणि हसत होते. त्यांच्यासाठी मागावं असं तिला काही सुचेना. मग तिने त्या पातळ, डुलणाऱ्या माणसांकडे पाहिलं.

"ह्यांका ह्यांची भूक परत दी," ती म्हणाली.

परीची पापणी लवली. पहिल्यांदाच. ह्या माणसांचं उचललेलं कुणीतरी परत मागत नाही तोवर इथून हलायचं नाही, असा तिलाही नियम होता, आणि किती वर्षं झाली ते तीसुद्धा विसरली होती. ती हसली, तेव्हा गवतावर तिची इवलीशी सावली पडली. मग तिच्या पंखांतून मोतिया उजेड फुटला, तो केवड्याच्या बनावर आणि खाडीच्या पाण्यावर सांडला, आणि उजेड ओसरला तेव्हा परी कुठेच नव्हती. झावळ्या शांत झाल्या होत्या. कुठेतरी एक पाखरू बोललं.

त्या सगळ्यांना दोऱ्यांनी धरून बापलेकांनी घरी आणलं. आईने एकदा पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि मोठं पातेलं चुलीवर चढवलं. अंगणात पंगत बसली. कुणी उडू नये म्हणून सुरंगीने एकेकाच्या मांडीवर नारळ ठेवला. नवरीने पेजेचा पहिला घोट घेतला आणि तिच्या पायाची बोटं मातीला लागली. राजाने तिसऱ्या वाटीला मुकुट काढून ठेवला आणि विचारलं की लोणचं आहे का. लवू आपली एकच वाटी सावकाश जेवला आणि जेवता जेवता गाणं म्हणायला लागला.

माडांच्या वर मोठा चंद्र आला होता. पौर्णिमा होती, पण दोरा बघायचं त्या दिवशी कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.