शिमोनची जागा

चर्चच्या पंचकमिटीचे अध्यक्ष रावसाहेब हिवाळे यांचा दरारा असा, की पाळकसाहेबसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवीत नसत. एकेकाळी तिथे ऑर्गन वाजवणारा शिमोन वारला, तेव्हा त्याची बहीण एस्तेरबाई चर्चच्या कबरस्थानात जागा मागायला आल्या. रावसाहेबांनी साफ नकार दिला.

"बाई, बायको गेल्यापासून तुमच्या भावानं चर्चची पायरी चढली नाही. अशा माणसाला इथं जागा नाही."

एस्तेरबाईंनी डोळे पुसले. "तो येत नव्हता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दर रविवारी मी पहिल्या बाकावर असतो. कोण आलं, कोण नाही, सगळं माझ्या ध्यानात असतं."

"म्हणजे तो नाही, हे तुम्हाला दर रविवारी दिसत होतं. हरवलेल्या मेंढराचा पाठ तर तुम्हीच खणखणीत आवाजात वाचता, रावसाहेब. मग या मेंढराला शोधायला एकदा तरी आमच्या घरी आलात का?"

शेजारी बसलेल्या पाळकसाहेबांनी मान खाली घातली. शेवटी रावसाहेब हळूच म्हणाले, "बायकोशेजारीच जागा करा त्याला."

संध्याकाळी सारी मंडळी लोटली. रावसाहेबांनी स्वतः पेटीला खांदा दिला. बाई काय बोलल्या, याचं जो तो कौतुक करत होता. पण एस्तेरबाईंना ते ऐकवेना. त्यांनी कितीही 'चर्चला चल' म्हटलं तरी शिमोन हलत नसे. मात्र रविवारी घंटा झाली, की इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बसायचा आणि रस्त्याकडे बघत राहायचा. या एवढ्या गर्दीतलं एक माणूस तेव्हा दाराशी आलं असतं, तर तो उठून निघाला असता.