टोळीला माणूस कमी पडला

बोरखेडच्या पेठेत हरबा नावाचा एक राखणदार होता. अंगाने दांडगा, मनाने अगदी भोळा. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. पेठेला भय वाटायचं ते त्याचंच.

तेव्हा दुकानांतून माल उचलणाऱ्या टोळ्या फार माजल्या होत्या. म्हणून सरकारातून दवंडी आली. शिक्षा वाढली. एकट्यादुकट्याने चोरी केली तर तीन दिवस कोठडी. तिघांनी मिळून केली तर ती टोळी, तिला तीन वर्षं. म्होरक्याला सहा. आणि टोळीतला जो कोणी म्होरक्याला दाखवून देईल, तो सुटेल.

पेठेचे प्रमुख मुरलीशेठ कापडवाले. ते म्हणाले, "हरबा, कायदा कडक झालाय. येत्या बाजारापर्यंत एक टोळी धरून दे. नाहीतर काठी ठेव आणि घरी बस."

हरबाने काठीकडे पाहिलं. काठी गेली तर बायकोपोरांना घेऊन मेहुण्याच्या दारात राहावं लागणार. आणि मेहुणा वाढताना भाकरी मोजायचा.

दुसऱ्याच दिवशी एक जण गोदाक्का कासारणीच्या दुकानातून घागर घेऊन पळाला. हरबाने त्याची मानगूट धरली.

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. एकटाच."

"मग जा बाबा. मला टोळी पाहिजे."

तो गेला. घागरही गेली.

शेठ म्हणाले, "अरे, एकटा असला तरी धरायचा. माल घेऊन दुकानातून निघाला की धरायचा."

"बरं. आता कळलं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हरबाने चौदा गिऱ्हाइकं चावडीत नेऊन बसवली. त्यात फौजदाराची आई होती, अर्धा शेर गूळ घेऊन.

शेठ म्हणाले, "अरे, आधी विचारायचं की पैसे दिले का."

"बरं. आता कळलं."

संध्याकाळी एक जण तेलाचा डबा डोक्यावर घेऊन धूम पळत आला.

"पैसे दिले का?"

"दिले की."

"मग पळतोस कशाला? सावकाश जा, सांडेल."

शेठनी कपाळाला हात लावला. "हरबा, नीट ऐक. टोळीतला एक जण दुकानदाराला बोलण्यात गुंतवतो. दुसरा माल चिवडतो. तिसरा पिशवी धरून उभा राहतो."

"बरं. आता कळलं."

दुसऱ्या दिवशी शेठच्याच दुकानात तिघं आली. बाई भावावरून हुज्जत घालत होती, मुलगी लुगडी चिवडत होती, बाप्या पिशवी धरून उभा होता. हरबाने तिघांना एका दोरीत बांधलं. ते शेठचे होणारे व्याही निघाले. सोयरीक मोडता मोडता राहिली.

शेठ हळू आवाजात म्हणाले, "माल चोरीचा पाहिजे आणि माणसं तीन पाहिजेत. दोन्ही जमलं तरच टोळी. उद्या बाजार. उद्या नाही जमलं तर काठी आणून दे."

"बरं. आता अगदी कळलं."

बाजाराच्या दिवशी भर दुपारी दोघं जण शेठच्या मागल्या दाराने कापडाचा गठ्ठा घेऊन निघाले. हरबाने गाठलं.

"चोरीचा आहे का?"

"हो, पण आम्ही दोघंच," त्यातला एक म्हणाला. "तीन दिवसांत सुटू."

हरबाने मोजलं. एक, दोन. पुन्हा मोजलं, तरी दोनच. शेजारून न्हावी चालला होता. हरबा त्याला म्हणाला, "जरा यात ये ना, एक माणूस कमी पडतोय." न्हावी वाट वाकडी करून गेला.

मग हरबाने काठी भिंतीला टेकवली, गठ्ठ्याचं एक टोक खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "चला, झाले तीन."

तिघं गठ्ठा घेऊन कचेरीत आले.

"कोणी उचलला?" फौजदाराने विचारलं.

"आम्ही तिघांनी," हरबा म्हणाला.

"म्होरक्या कोण?"

दोघांनी हरबाकडे बोट केलं. "आम्ही आपले दोघंच होतो, साहेब. टोळी केली ती यांनी."

"खरंय," हरबा म्हणाला.

म्होरक्या दाखवला म्हणून ते दोघं सुटले. फौजदाराने हरबाला गजाआड घातलं. आईचा गूळ तो विसरला नव्हता.

शेठ धावत आले. गजाआड हरबा ताठ उभा होता.

"अरे, हे काय करून बसलास?"

"दोघं निसटले शेठ," हरबा म्हणाला, "पण म्होरक्या काही मी हातचा जाऊ दिला नाही."