कोठीतली इवली

"थोरले, ही नवी सून म्हणजे सुरी आहे सुरी! मोकळी सोडली तर आपल्याच भिंतींना भोकं पाडेल." सासूबाईंचं हे बोलणं इवलीने कोठीच्या दाराआडून ऐकलं.

फार पूर्वी सगुणा कुंभारणीच्या अंगात पांढऱ्या पेशींचं घराणं नांदत होतं. इवली त्या घरची नवी सून. प्रथिनाची इवलीशी साखळी, पण जंतूचं कवच फोडणारी. घराण्याची रीत अशी, की असली सून माहेरच्या मोठ्या साखळीला जोडलेलीच आणायची. जोडलेली असेतो ती कुणालाच इजा करीत नाही, जंतूलासुद्धा नाही. इवली कोठीतच बसून राहिली. सुरीचं मत कुणी विचारत नाही, एवढं तिला कळत होतं.

एके दिवशी सगुणाच्या टाचेत खापर रुतलं आणि जंतू आत घुसले. घरातल्या धाकट्या-थोरल्या पेशी लढता लढता आडव्या होऊ लागल्या.

"हिला माहेरच्या साखळीतून तोडायची कात्री आणू का?" थोरल्या सुनेने विचारलं.

"थांब गं. भिंती फुटल्या म्हणजे? शिवाय एकदा कापली की जोडता येत नाही, आणि मग फार टिकतही नाही पोर."

ताप चढत गेला. सगुणा बरळू लागली. सासूबाईंचा निर्णय काही होईना.

तेव्हा इवली कोठीबाहेर आली आणि सगळ्यांदेखत पहिल्यांदाच बोलली, "सासूबाई, दोन-चार भिंती फुटल्या तर पुन्हा बांधाल. ही बाईच गेली, तर भिंती कुणासाठी राखायच्या? कापा मला."