आधी तोंड उघडून धरा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मणेरीकर साहेब आमच्या फुलपाखरू बागेत शिरले. मी सातवी शिकलेली, गाईड म्हणून नवीन. मला कायम करायचं की काढायचं, ते साहेब ठरवणार होते.

फांदीवर ताटलीएवढा तांबूस ॲटलस पतंग पंख पसरून बसला होता. शेजारी नीलवंत हे काळं-निळं फुलपाखरू फुलातला रस पीत होतं.

साहेब म्हणाले, "दोन्ही फुलपाखरंच! मोठं उपाशी दिसतंय. बाई, त्याला साखरपाणी पाजा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मी चमचा भरला. "साहेब, माझ्या तान्हीला औषध देताना सासूबाई तिचं तोंड उघडून धरतात, मी ओतते. तेवढं याचं तोंड उघडून धरा."

साहेबांनी चष्मा चढवला, वाकले, फांदीभोवती दोनदा फिरले. सहलीची पोरं खिदळायला लागली.

"सापडेना हो!"

"कसं सापडेल? फुलपाखराला सोंड असते. या पतंगाला खायचं तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेल्यावर आठवडाभर जगतो बिचारा."

साहेबांनी माझ्या नेमणुकीवर सही केली.

तर बायांनो, शेजारणीलाही सांगा: ॲटलस पतंगापुढे साखरपाणी ठेवू नका. साहेबांपुढे ठेवा, त्यांचं तोंड लगेच सापडतं.