पोचा आलेला कर्णा

चावी दिल्यावर गाणी वाजायची त्या काळी, मिरजेत विसूभाऊ बेडगकर ग्रामोफोन दुरुस्त करत. त्यांच्या फळीवर एक पितळी कर्णा झगमगत होता. शेजारच्या कर्ण्याला मात्र पोचा होता. "तुझं तोंड वाकडं आहे," असं झगमगता सारखं म्हणायचा, म्हणून बिचारा हातोडीची वाट पाहायचा.

विसूभाऊंनी हातोडी उचलली, तेवढ्यात त्या कर्ण्याची मालकीण, पिकल्या केसांच्या शरयूताई आल्या.

"भाऊ, स्प्रिंग बदला, पण पोचा राहू द्या. लहानपणी नाचता नाचता मी यावर पडले होते. दादांनी गाणं थांबवून आधी मला उचललं."

शरयूताई पोच्यावरून बोटं फिरवत राहिल्या. कर्ण्याला हातोडीची आठवणही उरली नाही.

त्या गेल्यावर झगमगत्याने हळूच विचारलं, "तुमच्या घरी आणखी कोण कोण नाचायचं?"