उजव्या हातावरचा गंडा

“...मग माझेच बाण डावीकडे का जातात, बुवा?”

दौलतगीर गोसावी मठाच्या ओट्यावर बसून बाणाला पिसं बांधत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

शिदोजीने पाच बाण त्यांच्यापुढे टाकले. “पाचही सरळ आहेत. मी तपासून आणलेत.”

“कुणाकडून?”

“नदीपलीकडच्या कारागिराकडून.”

मठात बाण तपासणारा कारागीर होता. पण त्याच्यावर विसंबायला शिदोजी काही दूधखुळा नव्हता. किमान त्याला तसं वाटत होतं.

“वाऱ्याचं काय?” बुवांनी विचारलं.

“वारा रोज एकाच बाजूने वाहत नाही. बाण मात्र रोज वीतभर डावीकडे. सहा महिने झाले!”

“धनुष्य?”

“तिसरं आहे हे.”

“मग राहिलं काय?”

काय राहिलं ते शिदोजीच्या तोंडावर दिसत होतं.

त्याचे वडील गडाचे नाईक होते. ते गेले. दसऱ्याला गडावर नेमबाजी व्हायची होती. शिदोजी किंवा त्याचा चुलतभाऊ रखमाजी, ज्याचा नेम बसेल त्याची नाईकी. हरला तर शिदोजीच्या आईला गडावरचं घर सोडावं लागणार होतं. दसरा नऊ दिवसांवर आला होता.

आणि रखमाजी याच मठात, याच बुवांच्या हाताखाली तयार झालेला.

“बोल की,” बुवा म्हणाले. “पोटात ठेवू नकोस.”

“रखमाजी गेल्या महिन्यात इथे आला होता.”

“आला होता.”

“काय बोलणं झालं?”

“गुडघा दुखतो का म्हणून विचारलं त्याने.”

“गुडघा...!” शिदोजी हसला. ते हसणं काही बरं नव्हतं.

बुवांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. शिदोजीने तो तसाच राहू दिला. हल्ली तो मठातलं पाणी पीत नसे. विहिरीवर जाऊन स्वतः शेंदून प्यायचा. संशय एकदा घरात शिरला की माणसाला फार कामाला लावतो.

“त्याला जे शिकवलंत ते मला शिकवलं नाहीत,” तो म्हणाला.

“तेच शिकवलं. उभं राहणं तेच, ओढ तीच, श्वास तोच.”

“मग त्याचा बाण पुतळ्याच्या छातीत बसतो आणि माझा बाजूने जातो, तो कसा? बुवा, इथे पाणी मुरतंय. आणि मुरवणारे...”

शिदोजीचा हात ताठ वर आला. बोट थेट बुवांच्या नाकावर रोखलेलं.

“तुम्ही!”

मठात गुरूवर बोट रोखायचं नाही, हे अडाण्यालाही ठाऊक. शिदोजीलाही ते ठाऊक होतं. त्याने हात खाली घ्यायला सुरुवात केली.

“राहू दे!” बुवा गरजले. “हात हलवू नकोस.”

ते मान पुढे काढून त्या बोटाकडे बघत राहिले. मग बोटावरून त्याच्या चेहऱ्याकडे. बराच वेळ...

“डावा डोळा मीट.”

“का?”

“मीट म्हणतो ना.”

शिदोजीने डावा डोळा मिटला आणि चपापला. बोट बुवांवर नव्हतं. त्यांच्या शेजारच्या खांबावर होतं.

“तुम्ही सरकलात!”

“मी बसलोय लेका. गुडघे दुखतात माझे.”

“सरकलात.”

“बरं. मग त्या चिंचेच्या बुंध्यावर रोख. ती काही रखमाजीची कुणी लागत नाही.”

शिदोजीने दोन्ही डोळे उघडे ठेवून चिंचेवर बोट रोखलं. उजवा डोळा मिटला. बोट बुंध्यावरच. उजवा उघडून डावा मिटला. बोट बुंध्याच्या डावीकडे जाऊन पडलं. त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा... चौथ्यांदाही तेच.

“तू बघतोस डाव्या डोळ्याने,” बुवा हळू म्हणाले, “आणि दोरी ओढतोस उजव्या हाताने. बाण उजव्या गालाशी असतो, नेम डाव्या डोळ्यात. दोघांची गाठच पडत नाही.”

“हे तुम्हाला सहा महिन्यांत दिसलं नाही?”

“नाही दिसलं.”

“की दिसूनही...”

“नाही दिसलं. मी तुझ्या हाताकडे बघत राहिलो.”

बुवा उठले. पिसं कापायची सुरी त्यांच्या हातात होती. त्यांनी शिदोजीचं उजवं मनगट धरलं. तिथे गंडा होता. मठाची रीत अशी, की आलेल्या शिष्याच्या उजव्या हाताला बुवा गंडा बांधतात. त्या हाताने ओढायचं. गंडा तुटला, तर शिष्यपण सुटलं.

सुरी फिरली. गंडा खाली पडला.

शिदोजीचा चेहरा पांढराफटक झाला. “म्हणजे मला हाकललंत. तेही नऊ दिवस उरले असताना. आता पटलं मला सगळं!”

“गंडा बांधताना मी तुझ्याकडे हात मागितला,” बुवा म्हणाले. “डोळा विचारला नाही. चूक माझी आहे. डावा हात पुढे कर.”

“डावा?”

“डावा.”

“ज्या हाताने देवाला फूल वाहत नाही, त्या हाताने ओढू? गड हसेल मला. रखमाजीला हेच हवं असेल.”

“असेल.”

“डोळा बांधून उजव्यानेच ओढतो. डावा बांधतो.”

“गडावरचं लक्ष्य दोरीला टांगलेलं असतं. झुलतं. ते तुला अर्ध्या नजरेने धरायचंय का?”

शिदोजीने खूप वेळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे काही सापडतं का ते शोधत होता. शेवटी त्याने डावा हात पुढे केला, गरम भांड्याला हात लावावा तसा. बुवांनी पडलेला गंडा उचलून त्या मनगटावर नव्या गाठीने बांधला.

धनुष्य उजव्या हातात अवघडलं. डाव्या बोटांना ओढ सोसेना. बाण सुटला, लटपटत गेला आणि पेंढ्याच्या पुतळ्याच्या दहा पावलं अलीकडे मातीत पडला.

दोघे चालत तिथवर गेले. शिदोजी वाकला. बाणापासून पुतळ्यापर्यंत त्याने नजर नेली. मधे कुठे वाकडं नव्हतं. बाण पुतळ्याच्या छातीच्या बरोबर समोर पडला होता.

“पोचला नाही,” तो म्हणाला.

“नाही पोचला.”

“नऊ दिवसांत पोचेल?”

“मला ठाऊक नाही.”

“बुवा, माझ्या आईचं घर जाईल... तुमच्यावर विश्वास कसा ठेवू मी?”

बुवांनी बाण उपटला, माती झटकली आणि त्याच्या डाव्या हातात दिला.

“ठेवू नकोस. ज्या डोळ्याने माझ्यावर संशय घेतलास, त्याच डोळ्याने नेम धर.”